सांता मोनिकाच्या मठातील पवित्र कला

ढाणकी-उमरखेडकडील श्रावक कुटुंबे कुंभोज-बाहुबली किंवा श्रवणबेळगोळची यात्रा आटोपून गोव्याकडे वळतात, तेव्हा त्यांची पावले बहुधा समुद्रकिनारी आणि फार तर बॉम जेजुसच्या चर्चपर्यंत जातात. तेथून जवळच, टेकडीवर, सांता मोनिकाचा भव्य मठ उभा आहे. आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी 1606 मध्ये स्त्रियांसाठी तो स्थापन केला. 1636 मध्ये आगीत त्याची हानी झाली व तो पुन्हा बांधला गेला. पोर्तुगीज सरकारने एकोणिसाव्या शतकात धर्मसंघ बंद केले. येथील अखेरची संन्यासिनी 1885 मध्ये वारली. प्रार्थनेवाचून रिकाम्या झालेल्या याच वास्तूत आज ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. 1994 साली ते राशोलच्या धर्मविद्यालयात सुरू झाले, 2002 मध्ये येथे आले आणि मोठ्या नूतनीकरणानंतर 2022 मध्ये पुन्हा खुले झाले.

येथील चांदीची उपकरणे, जरीची धर्मवस्त्रे, लाकडी मूर्ती पाहण्यासारख्या आहेतच. पेलिकन पक्ष्याच्या रूपातील पूजापात्र तर विशेषच. हा पक्षी स्वतःच्या रक्तावर पिल्ले पोसतो, अशी जुनी समजूत आहे. पण जैन दर्शकाची नजर खिळते ती हस्तिदंती बाल येशूवर. मेंढपाळाच्या वेशातील हे बालक डोळे मिटून, गालाला हात लावून, पाय दुमडून डोंगरावर बसलेले असते. ही मुद्रा युरोपची नव्हे. अभ्यासक तिच्यात ध्यानस्थ बुद्धाची छाया पाहतात. 1567 साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्ती हिंदू कारागिरांकडून घडवून घेण्यास मनाई केली होती. जे राज्य त्यांची देवळे पाडीत होते, त्याच्याच वेद्या हे कारागीर सजवीत होते. मनाई झाली तरी काम थांबले नाही, कारण तसा हात दुसऱ्या कोणापाशी नव्हता. पोट आणि श्रद्धा यांची ओढाताण त्या छिन्नीने कशी सोसली असेल, हे कोणत्याही फलकावर मावणारे नाही.

आणि हस्तिदंत? मूर्तीचे सौंदर्य वाखाणताना अहिंसाव्रती मनाला हा प्रश्न टाळता येत नाही. पोर्तुगीजांच्या काळात पश्चिम भारतात येणाऱ्या हस्तिदंताचा मोठा भाग मोझांबिकच्या किनाऱ्यावरून येई. अठराव्या शतकात दीव-दमणचे गुजराती वाणी व्यापारी कापड देऊन तो आणीत, आणि त्यांत हिंदूंबरोबर जैनही होते. आपल्या पेढ्यांच्या इतिहासातील हे पान सुखावणारे नाही. पण पर्युषणात ज्या कर्मांची आलोचना करावयाची, त्यांत पूर्वजांच्या वहीखात्याचाही विचार व्हावयास हरकत नसावी.

गोव्यातही एके काळी जैन वसती होत्या. बांदिवडे आणि कुडणें येथे त्यांचे भग्नावशेष आहेत. पूजा खंडित झाली की पवित्र वस्तूचे काय होते, हे तेथे दिसते. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकातील कोरीव लाकडी मंडप 1916 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सांता मोनिकाने निदान आपला ठेवा आपल्याच भूमीत, आपल्याच छताखाली राखला. त्याची किंमतही मोजली : 2012 मध्ये चोरांनी येथील पहारेकऱ्याचा खून करून वस्तू पळवल्या.

आपल्या मंदिरांच्या तळघरांत झिजलेल्या धातुप्रतिमा, जीर्ण छोड, हस्तलिखित पोथ्या कापडात बांधून ठेवलेल्या असतात. जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांपैकी काही मोडीत जातात, हे अनेक विश्वस्त खाजगीत कबूल करतील. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या प्रतिमांची आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या सचित्र हस्तलिखितांची नोंदणी करावी लागते. त्यासाठी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, माप आणि वर्णन लागते. हे काम मंदिरातील दोन जाणती माणसे आणि एक वही चातुर्मासात सहज पुरे करू शकतात.