सावकाराच्या कपाळावरची आठी

2006 चा उन्हाळा सरता सरता अमेरिकेत एक उफराटी गोष्ट घडली. सरकारला तीन महिन्यांसाठी पैसे दिले तर जेवढं व्याज मिळत होतं, त्याहून कमी व्याज दहा वर्षांसाठी दिले तर मिळू लागलं!

पैसा जितका जास्त काळ अडकणार, तितकं व्याज जास्त हवं, हा साधा हिशेब. मग कमी व्याजावर दहा वर्षं पैसे अडकवायला लोक का धावले? कारण आजचा पाच टक्क्यांचा दर टिकणार नाही, असं त्यांना वाटत होतं. मंदी येईल, अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह व्याज उतरवेल, तेव्हा मिळतंय ते आत्ताच पक्कं करून ठेवावं. दहा वर्षांच्या रोख्यांना मागणी आली की त्यांची किंमत चढते. त्यावरचं व्याज मात्र डॉलरांत ठरलेलं. म्हणून महाग घेतलेला रोखा परतावा कमी देतो. कुणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. हजारो अनोळखी माणसांची धास्ती, कुठल्या मुदतीला किती परतावा हे दाखवणाऱ्या एका रेषेच्या उतारात आपोआप उमटली. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं.

शेअरबाजार आपल्याच नादात होता. एसअँडपी 500 निर्देशांक चढत चढत 9 ऑक्टोबर 2007 रोजी 1565 वर, तेव्हाच्या उच्चांकावर पोचला. डिसेंबरात मंदी सुरू झाली. मार्च 2009 मध्ये निर्देशांक 676 वर होता. फेडचा सव्वापाच टक्क्यांचा दर त्याआधीच शून्याला टेकला होता.

रोखेवाले जास्त हुशार असतात असं नाही. पुष्कळदा एकाच माणसाच्या कपाटात दोन्ही कागद असतात. फरक भूमिकेचा. रोखेवाला सावकार: धंदा दसपट वाढला तरी त्याला ठरलेलंच व्याज, म्हणून त्याचं सगळं लक्ष काय बिघडेल याकडे. शेअरवाला भागीदार: बुडालं तर घातलेलं जाईल, पण वाढलं तर मर्यादा नाही. नोकऱ्या वाढल्याची बातमी आली की भागीदार खुलतो आणि सावकाराच्या कपाळावर आठी चढते, कारण त्याला महागाईचा वास येतो. महागाईत ठरलेलं व्याज झिजतं.

या रेषेचा अर्थव्यवस्थेच्या वाढीशी असलेला संबंध कॅम्बेल हार्वी यांनी 1986 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात दाखवला. तेव्हापासून रेषा उलटली की अर्थतज्ज्ञ कान टवकारतात.

जुलै 2022 मध्येही ते टवकारले. दोन वर्षांचा रोखा दहा वर्षांच्या रोख्याहून जास्त परतावा देऊ लागला आणि हा उलटेपणा दोन वर्षांहून अधिक टिकला. त्या काळात मंदी आली नाही. सावकार आठी घालून बसलेला असतानाच, फेब्रुवारी 2024 मध्ये भागीदारांनी एसअँडपी 500 पहिल्यांदा 5000 च्या पार नेला.