समुद्रतळाशी (भाग 7) : गाझी कोणी बुडवली?

'विक्रांत' ही विमानवाहू नौका मुंबईकरांनी संग्रहालय झालेली पाहिली आणि पुढे दारुखान्यात तिचे तुकडे होतानाही पाहिले. 1971 मध्ये तिच्याच मागावर पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी श्रीलंकेला वळसा घालून विशाखापट्टणमपर्यंत आली. ती परतली नाही. आतल्या 90 हून अधिक नौसैनिकांपैकी एकही वाचला नाही.

इतक्या लांब गाझीलाच का धाडले? पाकिस्तानकडच्या नव्या फ्रेंच पाणबुड्यांचा पल्ला तोकडा होता. गाझी म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरची अमेरिकी 'डायाब्लो', 1964 मध्ये पाकिस्तानला मिळालेली. वय झालेले, पण एका दमात सुमारे 11,000 सागरी मैल जायची ताकद. 14 नोव्हेंबरला कमांडर झफर मोहम्मद खान तिला घेऊन कराचीहून निघाले.

इकडे विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेल्याने तिचा वेग मंदावला होता. पाणबुडीला ती सोपी शिकार ठरली असती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी तिला गुपचूप अंदमानला हलवले आणि विशाखापट्टणमला तिचे सोंग उभे केले. 'राजपूत' ही जुनी विनाशिका विक्रांत असल्यासारखे बिनतारी संदेश सोडू लागली. ठेकेदारांकडे मांस-भाजीची भरमसाट मागणी नोंदवली गेली. आजारी आईची चौकशी करणारी एका खलाशाची तारसुद्धा मुद्दाम उघडपणे पाठवली. मला ही तारच सर्वांत आवडते. एवढा बेशिस्तपणा बनावट असेल, अशी शंका कोणाला येणार?

3 डिसेंबरच्या मध्यरात्री 'राजपूत' बंदराबाहेर पडली. लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना पाण्यात संशयास्पद हालचाल दिसली, त्यांनी दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले. काही मिनिटांनी झालेला स्फोट किनाऱ्यापर्यंत ऐकू गेला. सकाळी कोळ्यांना तरंगते अवशेष सापडले.

भारताने श्रेय राजपूतला दिले. पाकिस्तानच्या मते गाझी स्वतःच पेरत असलेल्या सुरुंगांमुळे फुटली. तिसरा तर्क बॅटरीचा आहे. डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. ती चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि तो साठला तर एक ठिणगी पुरते. नंतर तळाशी उतरलेल्या गोताखोरांना गाझीचा पुढचा भाग उद्ध्वस्त झालेला आढळला. पाणतीर सोडण्याच्या नळ्या तिथेच असतात आणि सुरुंगही त्यांतूनच टाकले जातात. म्हणून सुरुंगाचा तर्क मला जास्त पटतो. डेप्थ चार्जच्या हादऱ्याने तो उडाला असेल, तर दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या.

कोणतेही कारण धरा, त्या रात्री विक्रांत तिथे नव्हतीच. गाझी ज्या कामाला आली होती ते ती फुटण्याआधीच फसले होते, आणि त्याचे श्रेय कृष्णन यांचे.

पुढील भागात 9 डिसेंबर 1971 : पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवजवळ आपली 'खुकरी' कशी बुडवली.