चूक कोणत्या गटातली?

पिंपरी पेंढारचे (ता. जुन्नर) लसीकरण सत्र असो की पुण्यातले मोठे रुग्णालय, औषध देणारा शेवटचा हात बहुधा परिचारिकेचा किंवा आरोग्यसेविकेचा असतो. औषधांबाबतच्या चुका मोजायला अनेक देशांत नऊ गटांची पट्टी वापरतात.

● ए : चूक नाही, पण घडण्याजोगी स्थिती. उदा. सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारी ठेवणे.
● बी : चूक झाली, पण रुग्णापर्यंत पोहोचली नाही.
● सी, डी : पोहोचली, इजा नाही, ‘डी’मध्ये रुग्णावर देखरेख लागते.
● ई ते एच : इजा झाली. ‘एफ’मध्ये रुग्णालयात दाखल करावे लागते, ‘जी’मध्ये कायमची हानी होते, ‘एच’मध्ये जीव वाचवण्यासाठी उपचार लागतात.
● आय : मृत्यू.

उदाहरण : ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओ लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या पट्टीवर गट ‘एफ’. संबंधित तिघांवर कारवाई झाली.

गोपनीयता कशाची? अमेरिकेत २००५च्या कायद्याने रुग्णसुरक्षेसाठी केलेल्या अंतर्गत चौकशीच्या नोंदींना संरक्षण आहे. भारतात २०१०पासूनच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीत कळवणाऱ्याची ओळख गुप्त राहते. हेल्पलाइन : १८००-१८०-३०२४.

हे संरक्षण चूक निर्भयपणे सांगता यावी म्हणून आहे, रुग्णापासून लपवण्यासाठी नाही. उपचारांच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.