चार तारांचा करंट मीटर

नागापूर एमआयडीसीतल्या कंट्रोल पॅनलमध्ये २४ व्होल्ट डीसीचा पुरवठा नेहमीचा. कोणता रिले किंवा सेन्सर किती करंट ओढतो, हे सतत पाहायला ‘आयएनए २१९’ मॉड्यूल, अर्डुइनो नॅनो आणि छोटा ओएलईडी पडदा पुरतो. मॉड्यूल आणि पडदा एसडीए, एससीएल या त्याच दोन तारांवर बोलतात. उरलेल्या दोन पुरवठा आणि ग्राउंडच्या. मोजायच्या सर्किटचा ग्राउंड याच ग्राउंडला जोडायलाच हवा.

मॉड्यूलवर ०.१ ओहमचा शंट असतो. २ अँपिअरला त्यावर ०.२ व्होल्ट पडतात, ०.४ वॉट उष्णता होते. मर्यादा ३.२ अँपिअरची असली, तरी सलग वापरात २ वरच थांबलेले बरे. शंटच्या अचूकतेवर डोळे झाकून विश्वास नको. आकडे चांगल्या मल्टिमीटरशी ताडून गुणक प्रोग्रॅममध्ये घालावा.

खरी जपणूक व्होल्टेजची. चिपची मर्यादा २६ व्होल्ट, आणि बऱ्याच २४ व्होल्ट एसएमपीएसचा ट्रिमर २८ पर्यंत जातो! आधी पुरवठा मोजा. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड बसवा, नाहीतर बंद होतानाचा झटका चिप जाळतो. २३० व्होल्टच्या वायरिंगला हे मॉड्यूल कधीही लावू नका.