अंधार कोण करणार?

तिकीट नाही, पास नाही, आत सोडणारं कुणी ओळखीचं शोधायची भानगड नाही. फक्त गरम कपडे घालायचे आणि चालत सुटायचं! फ्रान्समधल्या ल्यों शहरात दरवर्षी ८ डिसेंबरच्या आसपास चार रात्री ‘फेत दे ल्युमिएर’ म्हणजे प्रकाशाचा उत्सव भरतो. लाखो लोक रस्त्यावर असतात. तेरो चौकातली नगरपालिकेची जुनी इमारत, सेंट जॉन कॅथेड्रलची दगडी भिंत हेच इथले पडदे. संगीत सुरू झालं की खांब वितळल्यासारखे दिसतात, भिंत दुभंगते, खिडक्यांतून वेली बाहेर पडतात. काही मिनिटांत खेळ संपतो, भिंत पुन्हा भिंत होते आणि गर्दी पुढच्या चौकाकडे सरकते.

ही जादू म्हणजे प्रोजेक्शन मॅपिंग. आधी इमारतीची मापं घेऊन कॉम्प्युटरवर तिचं थ्रीडी मॉडेल बनवतात. प्रत्येक खिडकी, कमान, कोनाडा जिथल्या तिथे. त्यावर अ‍ॅनिमेशन बेततात आणि अनेक प्रोजेक्टरची चित्रं कडेला कडा जुळवून एकसंध करतात. पण यातली खरी गोम वेगळीच आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, तो फक्त उजेड टाकतो. चित्रातला काळा म्हणजे भिंतीवरचा खराखुरा अंधार. शेजारचा एक दिवा जरी चालू राहिला तरी चित्र फिकं पडतं. म्हणजे हा उत्सव उजेडाचा असला, तरी त्याला आधी अंधार लागतो. आणि तो एकट्या कलाकाराच्या हातात नसतो. पथदिवे, दुकानं, घरं, सगळ्यांनी साथ दिली तरच तो मिळतो.

ल्योंकरांना ही साथ नवी नाही. गोष्ट १८५२ ची. फुर्विएर टेकडीवर मदर मेरीचा पुतळा बसवायचा होता. मुहूर्त सप्टेंबरचा, पण सोन नदीला पूर आला आणि तो ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही नेमकं वादळ! रोषणाई रद्द होणार असं वाटत असताना संध्याकाळी आभाळ निवळलं. लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आणि सगळे रस्त्यावर उतरले. तेव्हापासून आजतागायत ८ डिसेंबरला खिडकीत काचेच्या छोट्या पेल्यांतले दिवे लागतात. आपण दिवाळीत पणत्या मांडतो ना, अगदी तसे.

या दिव्यांची किंमत २०१५ मध्ये कळली. नोव्हेंबरमध्ये पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले आणि त्या वर्षीचे मोठे शो रद्द करावे लागले. मग शहराने लोकांना एवढंच सांगितलं, मृतांच्या स्मरणार्थ खिडकीत दिवे लावा. लोकांनी ते लावले. प्रोजेक्टर नव्हते, तरी ८ डिसेंबर अंधारात गेला नाही.

आणि हो, ल्योंशी आपलंही एक जुनं नातं आहे. सिनेमॅटोग्राफवाले ल्युमिएर बंधू याच शहरातले. त्यांची हलती चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईत, वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. भारतातला तो पहिला सिनेमाचा खेळ. ‘ल्युमिएर’चा अर्थही प्रकाशच, बरं का!

आता तुमच्या फेस्टकडे वळू. एलईडी वॉल आणि डीजेसाठी स्पॉन्सर शोधताना निम्मी कमिटी थकून जाते. त्याऐवजी एक भिंत निवडून बघा. प्रोजेक्टर कॉलेजात असतोच, ‘ब्लेंडर’ हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि अ‍ॅनिमेशन करणारा एखादा पोरगा किंवा पोरगी प्रत्येक वर्गात असतेच. अवघड काम पुढेच आहे: समोरचं हॉस्टेल, कँटीन आणि ऑफिस यांना दहा मिनिटं दिवे बंद ठेवायला राजी करणं. दारोदार जाऊन समजवावं लागेल. तेवढं जमलं, तर तो शो नुसता कमिटीचा राहणार नाही. दिवा बंद करणारा प्रत्येक जण म्हणेल, ‘ए, तो आमचा शो होता!’