वस्तऱ्याची पाठ

जुना वस्तरा विकणारा गिऱ्हाइकाला आधी धार दाखवतो. घेणाऱ्यानं मात्र आधी पाठ बघावी. धारेपलीकडे बघायची ही अक्कल मला पहिला वस्तरा वाया गेल्यावर आली. मुंबईच्या चोर बाजारातून तो घासाघीस करून आणला, घरी पुसून उजेडात धरला, तर पात्याच्या पोटात केसाएवढी चीर. चीर गेलेल्या पात्यावर इलाज नाही. तो अजून माझ्या टेबलावर आहे, पाकिटं फोडायला.

दुसऱ्या खेपेला भिंग घेऊन गेलो. हाती आलेल्या पात्याच्या देठाशी चांदणी आणि माल्टीज क्रॉस होता, म्हणजे शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण. शेजारी राणीचे कटलर असल्याची अक्षरं. तेव्हा काळ व्हिक्टोरियाचा, १८३७ ते १९०१. गावाचं नाव होतं, पण 'इंग्लंड' कुठं नव्हतं. अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि १८९१ पासून तिकडं जाणाऱ्या मालावर ते दिसू लागलं. म्हणून माझा वस्तरा त्याआधीचा असावा. ही काही जन्मपत्रिका नव्हे, पण अंदाजाला पुरते.

शेफील्डचं नाव झालं ते पोलादामुळे. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगांसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. त्यानं ते मातीच्या मुशीत पूर्ण वितळवून ओतलं. जुन्या वस्तऱ्यांवर 'कास्ट स्टील' असं मोठ्या ऐटीत कोरलेलं असतं, ते हेच. मुशीतलं पोलाद आपल्याकडे दक्षिणेत त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं. मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे धाडले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीसाठी त्यावर निबंध लिहिला. माल मुंबईहून आला म्हणून निबंधाच्या शीर्षकात तो मुंबईतच बनतो असं ठोकून दिलं! पुढं जेम्स स्टोडार्ट हा हत्यारं बनवणारा कारागीर आणि तरुण मायकेल फॅरडे वुट्झ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पोलादाचं कोडं सोडवायला बसले. त्या खटाटोपातून निघालेल्या मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडेनं मित्रांना भेट दिले. विजेच्या फॅरडेपेक्षा मला हा फॅरडे जास्त जवळचा वाटतो.

तर पाठ. वस्तरा दगडावर आडवा टेकवला की दोनच ठिकाणी टेकतो, पाठीवर आणि धारेवर. धारेचा कोन, साधारण १६-१७ अंश, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून ठरवतात. कोन साधायला हाताचं कसब लागत नाही. कारागिरानं तो पात्यातच घालून ठेवलेला असतो. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, म्हणजे सुतारांच्या भाषेत पाच सूत, सहा सूत. पन्नास वर्षं दगडावर गेली तरी पाठ आणि धार बरोबरीनं झिजतात आणि कोन जवळपास तसाच राहतो. पण कुणी दांडग्या हातानं एकीकडेच घासलं असेल तर पाठीवर रुंद चपटा पट्टा दिसतो. असा वस्तरा घेऊ नये. धारेवर गंजाची भोकं असतील, धार मध्ये खोल गेलेली असेल, तरीही ठेवून द्यावा. पोटावरचे काळे डाग मात्र खुशाल चालतात.

जर्मनीच्या झोलिंगेनचे वस्तरे दोन्ही बाजूंनी खोल कोरलेले असतात, इतके की गालावर फिरताना पातळ पातं बारीक वाजतं. माझं रॉजर्स जाड पाचरीसारखं, मुकं.

मूठ शिंगाची होती हे नशीब. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली की कुजते, आतून आम्लाची वाफ सुटते आणि मिटून ठेवलेलं पातं तिच्याच कुशीत गंजतं. रिवेटचं डोकं कानशीनं घासून मूठ सोडवली. मग तेल आणि वॉटर पेपर, आधी ४०० नंबर, शेवटी २०००. चार संध्याकाळी गेल्या. बफ मशीनवर हेच दहा मिनिटांत झालं असतं, पण पातळ कड क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. उतरलेलं पाणी घरी परत चढवता येत नाही. खोल खड्डेही मी तसेच ठेवले. ते घालवायचे तर पातं खरवडावं लागतं, आणि आरशासारखं चकचकीत पण अर्धं झालेलं पातं काय कामाचं?

दगडांची वाट ठरलेली: १००० वर धारेच्या दोन्ही बाजू जुळवायच्या, मग ४०००, ८०००, शेवटी १२०००. त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर, आता पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पातं पाठीवरूनच लोळवायचं. धारेवरून वळवलं की पट्टा कापला जातो. माझ्या पट्ट्यावर अशा दोन खुणा आहेत.

एवढं करूनही केस पोलादाला खातोच. केस पोलादाच्या सुमारे पन्नासपट मऊ, तरी पातं बोथट का होतं, याचं उत्तर एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात दिलं. दाढी करताना केस वाकतो, कडेवर तिरका जोर येतो आणि पोलादाची रचना जिथं एकसारखी नाही तिथं बारीक टवका उडतो. त्यांनी आजची वापरून टाकायची पाती तपासली होती. जिलेटनं १९०३ मध्ये असल्या पात्यांचा धंदा सुरू केला, तेव्हा ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी खप कैक पटींनी वाढला. धार लावायचं काम घराघरांतून उठलं. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्येही उस्तऱ्यात आता मोडलेलं अर्धं ब्लेड असतं, दर गिऱ्हाइकाला नवं. रोगांच्या काळात तेच योग्य.

तिथल्या म्हाताऱ्या काकांकडे मी माझा वस्तरा घेऊन गेलो. त्यांच्या वडिलांची धोकटी असायची. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पातं डोळ्यांसमोर आडवं धरलं आणि पाठीवरून नजर लांब नेली. मग तळहातावर दोनदा उलटंपालटं फिरवलं.

"दगडावर कोण बसलं होतं?"

"मीच, काका."

"टोक राहिलंय. पाठीला जरा पीळ हाय याच्या. सरळ नका वढू, टोकाकडं झुकवत न्या."

दोन आठवडे मी दाढी करताना ओठाखाली केस का राहतात म्हणून साबणाला नावं ठेवत होतो. घरी येऊन ८००० चा दगड पुन्हा भिजत घातला.