अख्ख्या सामन्यात एक पास

२५ ऑक्टोबर २०१८, गुरुवारची रात्र. व्हर्जिनियातल्या ब्लॅक्सबर्गमध्ये जॉर्जिया टेकचा फुटबॉल संघ व्हर्जिनिया टेकच्या मैदानावर उतरला आणि अख्ख्या सामन्यात त्याने चेंडू हवेतून पुढे फेकला तो फक्त एकदा. तोही कुणाच्या हाती लागला नाही. बाकी सगळा वेळ नुसती पळापळ. निकाल ४९-२८, जॉर्जिया टेकच्या बाजूने.

आता ही मॅच घरी टीव्हीवर बघणारा सतरा वर्षांचा एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. उंच, चपळ, चेंडू झेलण्यात तरबेज. बरीच कॉलेजं त्याच्या मागे लागलेली. कोण जिंकलं याच्याशी त्याला काय देणंघेणं? त्याच्या जागेवर खेळणाऱ्या गड्याच्या हाती रात्रभरात एकही पास आला नाही, एवढंच त्याने पाहिलं.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये पायाचा संबंध बेताचाच. लंबगोल चेंडू घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा मूळ हिशेब. सरकायचे मार्ग दोन : चेंडू घेऊन पळा किंवा पुढच्या साथीदाराकडे फेका. शाळा संपवणारा मुलगा कुठल्या कॉलेजकडून खेळायचं ते स्वतः ठरवतो. त्याच्यासाठी लिलाव नाही, की संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायचा ड्राफ्ट नाही. म्हणून कोच मंडळी गावोगाव हिंडतात, मुलाच्या घरी जाऊन बसतात, आईच्या हातचं खातात, स्कॉलरशिपचं बोलतात. स्थळ सांगून आल्यासारखा सगळा थाट, फक्त नकार द्यायचा हक्क त्या पोराकडे. या बैठकीत संघाची खेळण्याची धाटणी हीच सर्वांत मोठी जाहिरात असते, आणि अडचणही.

पॉल जॉन्सन २००८ ते २०१८ अशी अकरा वर्षं जॉर्जिया टेकचे कोच होते. त्यांची धाटणी ‘ट्रिपल ऑप्शन’. यात समोरच्या दोन बचावपटूंना मुद्दाम मोकळं सोडतात. ते काय करतात ते बघून क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या म्होरक्याने, क्षणात ठरवायचं : चेंडू मधल्या गड्याच्या पोटाशी द्यायचा, स्वतः घेऊन सुटायचं, की बाजूने धावणाऱ्याकडे भिरकावायचा. दोघांना अडवायचंच नाही म्हटल्यावर पुढच्या फळीत डोंगराएवढे लाइनमन लागत नाहीत, चपळ असले तरी भागतं. ही युक्ती जॉन्सन यांनी आधी नेव्हीत, म्हणजे नौदलाच्या अकादमीच्या संघात, सहा वर्षं राबवली होती. पदवीनंतर किमान पाच वर्षं नौदलात नोकरी, शिवाय वजनाची शिस्त. अशा ठिकाणी तीनशे पौंडांची नामवंत पोरं कोण पाठवणार? जी पोरं मिळतात त्यांच्यातून काय उभं राहील, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ऑप्शन.

जॉर्जिया टेकची अडचण थोडी निराळी. पुण्या-मुंबईहून एम.एस.ला गेलेल्या मुलांमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, ते मात्र प्रयोगशाळांसाठी. बॉबी डॉड स्टेडियम त्याच कॅम्पसवर आहे, आणि फुटबॉल खेळला म्हणून तिथे कॅल्क्युलसमधून सुटका होत नाही. वर सत्तर मैलांवर जॉर्जिया विद्यापीठ, राज्यातली सर्वांत गुणी पोरं आधी तिकडे वळणार. अशा ठिकाणी जगावेगळी धाटणी आणणं शहाणपणाचं, असं मला वाटतं.

पण प्रतिस्पर्धी कोच त्याच दिवाणखान्यात दुसऱ्या दिवशी येऊन बसतो. त्याची वाक्यं ठरलेली : तिकडे तुला झेल मिळायचे नाहीत. व्यावसायिक एनएफएलमध्ये हा खेळ कुणी खेळत नाही. सरावात रोज कमरेखाली आदळून तुझे गुडघे जातील. पोराला उदाहरणही हाताशी मिळतं. नेब्रास्काचा ऑप्शन क्वार्टरबॅक एरिक क्राउच २००१ मध्ये हाइझमन करंडक जिंकला, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान. पुढच्या वर्षी एनएफएलने त्याला घेतला तो रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा म्हणून. क्वार्टरबॅक व्हायचं स्वप्न बाळगणाऱ्या मुलाला आणखी काय सांगायचं?

गंमत अशी, की झेलांबद्दलची भीती निम्मीच खरी होती. २००९ मध्ये जॉर्जिया टेकच्या डेमॅरियस टॉमसने ४६ झेल घेतले आणि त्यातून १,१५४ यार्ड काढले. म्हणजे दर झेलामागे पंचवीस यार्ड! कारण साधं आहे. पळणाऱ्यांना रोखायला अख्खा बचाव पुढे गोळा झालेला, मागे रिसीव्हरवर एकटाच पहारेकरी. टॉमस २०१० च्या ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत उचलला गेला. २०११ मध्ये स्टीफन हिलने अवघ्या २८ झेलांत ८२० यार्ड केले आणि तो दुसऱ्या फेरीत गेला. डॅरन वॉलर सहाव्या फेरीपर्यंत रेंगाळला, पण पुढे टाइट एंड (झेलणारा आणि अडवणारा, दोन्ही) म्हणून नावाजला. तरीही सतरा वर्षांचं पोर सरासरी बघत नाही, झेल मोजतं. सरासरी दाखवणारा कोच त्याला हिशेब पटवतोय असं वाटतं. झेल दाखवणारा स्वप्न दाखवतो.

जॉन्सन यांची बाजू घेताना एक गोष्ट लपवता येत नाही. त्यांचा सर्वांत गाजलेला संघ २००९ चा. ११ विजय, एसीसी या गटाचं विजेतेपद (कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने ते पुढे काढून घेतलं). त्या संघाचे खांब, म्हणजे क्वार्टरबॅक जॉश नेस्बिट, जॉनथन ड्वायर, डेरिक मॉर्गन, मॉर्गन बर्नेट, हे २००७ च्या भरतीतले. म्हणजे आधीचे कोच चॅन गेली यांनी वेगळ्याच खेळासाठी आणलेले. धाटणी नवी, माल जुन्या दुकानातला. पुढे २०१४ मध्येही ११ विजय आणि ऑरेंज बोल हा मानाचा सामना पदरात पडला, पण तशी एकत्र भरलेली तुकडी जॉन्सन यांच्या हाती क्वचितच लागली.

या कथेची उलटी बाजू पश्चिम टेक्सासात, लबकमध्ये. टेक्सास टेकचे एकेकाळचे कोच माइक लीच वकिलीची पदवी घेऊन फुटबॉलकडे वळलेले. त्यांची ‘एअर रेड’ म्हणजे सतत फेकाफेक. ती हॅल ममी यांच्यासोबत आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात आकाराला आली होती. राज्यातली नावाजलेली पोरं ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात जात, लबकच्या वाटेला कमीच. पण लीच यांना इतरांनी टाकलेली चालत. ठेंगणा वेस वेल्कर दुसऱ्याने ऐनवेळी नकार दिला म्हणून स्कॉलरशिप मिळवून आला. वर्षानुवर्षं बाकावर बसलेल्या बी. जे. सायमन्सने २००३ मध्ये ५,८३३ यार्ड फेकले. पुढच्या वर्षी देशात सर्वाधिक यार्ड फेकणारा सनी कंबी तर स्कॉलरशिपशिवाय आलेला. दहा वर्षांत लीच यांनी ८४ सामने जिंकले.

म्हणजे एक संघ जवळपास फेकतच नाही, दुसरा फेकण्याशिवाय काही करत नाही, आणि भरतीचा धंदा दोघांचा एकच : बाजारात ज्याला गिऱ्हाईक नाही ते उचलायचं. फरक पुढे पडला. लीच यांच्या हाताखाली शिकलेला लिंकन रायली कोच म्हणून ओक्लाहोमाला गेला. त्याच्याकडे बेकर मेफील्ड आणि कायलर मरी या दोघांनी २०१७ आणि २०१८ मध्ये लागोपाठ हाइझमन जिंकला, आणि दोघेही आपापल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. मग केलब विल्यम्ससारखं देशभर गाजलेलं पोर चालत आलं. फेकाफेकीची सगळीकडे चलती झाली आणि उरल्यासुरल्यांची धाटणी नामवंतांची झाली. लबकचं भांडवल मात्र त्यात वाटलं गेलं.

अलाबामाचं उदाहरण दोन ओळींत सांगतो. २०१४ मध्ये तिथले कोच निक सेबन यांनी लेन किफिन यांना आक्रमणाचे कोच म्हणून आणून खेळ मोकळा केला. २०२० आणि २०२१ या दोन ड्राफ्टमध्ये तिथले चार रिसीव्हर पहिल्या फेरीत गेले. पैसा, नाव, जिंकायची सवय आधीच होती. तिथे धाटणी म्हणजे सणाच्या जेवणावर वाढलेलं तूप.

धाटणी बदलणं किती महागात पडतं ते जॉर्जिया टेकनेच दाखवलं. जॉन्सन निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये जेफ कॉलिन्स आले. नवा खेळ, नवी जाहिरात, अटलांटा शहराचं नाव पुढे करून पोरांना साद. पण मैदानावर उभी होती ती ऑप्शनसाठी निवडलेली चपळ, हलकी मंडळी. भरती बदलायला चार वर्षं लागतात. एवढा धीर कुणाला? त्याच सप्टेंबरमध्ये खालच्या श्रेणीतल्या सिटाडेल या लष्करी कॉलेजने त्यांना घरच्या मैदानावर २७-२४ असं हरवलं. सिटाडेल खेळत होतं ऑप्शन. कॉलिन्स यांना २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जावं लागलं, खात्यावर १० विजय आणि २८ पराभव.

आता तर मुलाला चार वर्षं थांबायचीही गरज नाही. २०१८ पासून ट्रान्स्फर पोर्टल आहे, २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा आहे. खेळ पटला नाही तर पोरगं वर्षभरात दुसरं घर बघतं. ऑप्शनवर तर नियमाचाही घाव बसला : २०२२ पासून मधल्या ठरावीक चौकटीबाहेर कमरेखाली अडवायला बंदी. लष्कराच्या अकादमीच्या आर्मी संघानेही २०२३ मध्ये धाटणी बदलून पाहिली, सहा सामने हरले, आणि २०२४ मध्ये पुन्हा जुन्या खेळाकडे बऱ्यापैकी वळले. त्या वर्षी त्यांनी १२ सामने जिंकले, शिवाय अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्सचं विजेतेपद.

त्या संघाचा क्वार्टरबॅक ब्रायसन डेली. त्याने त्या मोसमात पळत ३२ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. त्याचं गाव अ‍ॅबरनॅथी, लबकपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत.